कडू पडलेले अननस-श्रीखंड : एका विकराचे प्रकरण

३० मार्च २०२५ रोजी, गुढीपाडव्याच्या दुपारी साडेतीनच्या सुमारास, कोथरूडमधल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या काकू श्रीखंडाचा एक डबा घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या. त्या अनेक वर्षांपासून सणासुदीला घरगुती श्रीखंडाच्या ऑर्डर घेतात आणि पेठांतली जुनी घरेसुद्धा त्यांच्याकडून डबे नेतात. "सर, एक चमचा चाखा आणि खरं काय ते सांगा," एवढेच त्या म्हणाल्या. मी चाखले. आधी साखर लागली, मागोमाग अननसाचा वास आला, आणि घास गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला कारल्यासारखी कडू चव रेंगाळली, ती पाणी प्यायल्यावरही लगेच गेली नाही. डब्याच्या कडेने पिवळसर पाणी सुटले होते. चांगल्या श्रीखंडात चमचा ओढला की रेघ उमटून तशीच राहते; येथे ती पाहता पाहता मिटत होती.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो आणि विकरांचा, म्हणजे सजीवांतल्या क्रियांचा वेग वाढवणाऱ्या एन्झाइम्सचा, पाठ दरवर्षी घेतो. तरीही हे प्रकरण पूर्ण उलगडायला मला व माझ्या चार विद्यार्थ्यांना जवळजवळ तीन आठवडे लागले. विकर कसे काम करते यातले बहुतेक सगळे मुद्दे या एका डब्यात सापडले, म्हणून ते सविस्तर नोंदवत आहे.

घडले ते असे

चक्का सगळा एकच होता. शुक्रवारी विरजलेले दही शनिवारी दिवसभर मलमलच्या फडक्यात टांगून ठेवले होते आणि संध्याकाळी साखर घालून तो चक्का पुरणयंत्रातून काढला होता. त्यातल्या अर्ध्या भागात केशर आणि वेलदोडा पडला व उरलेल्या अर्ध्या भागात अननस. यापूर्वीची सगळी वर्षे काकू डबाबंद अननसाचे काप वापरत असत. यंदा मात्र मार्केट यार्डात केरळातून आलेले सुरेख पिकलेले अननस स्वस्त मिळाले, आणि गिऱ्हाइकांना ताजे फळ द्यावे या चांगल्या हेतूने त्यांनी ते सोलून, बारीक चिरून, रसासकट चक्क्यात मिसळले. रात्री साडेआठला त्यांनी स्वतः चव घेतली तेव्हा श्रीखंड उत्तम होते. फ्रिज लहान असल्यामुळे अननसाच्या बावीस डब्यांपैकी सहाच त्यात मावले आणि बाकीचे ओट्यावर राहिले. सकाळी आठच्या सुमारास डबे रवाना झाले, आणि लोक जेवायला बसल्यावर फोन सुरू झाले.

काकूंचा पहिला संशय दुधावर गेला, आणि दूधवाल्याला त्यांनी फोनवर चार शब्द सुनावलेही होते. परंतु त्याच दुधाच्या, त्याच चक्क्याच्या, त्याच पातेल्यातल्या केशरी श्रीखंडाबद्दल एकही तक्रार नव्हती, म्हणजे दूध, विरजण, साखर आणि भांडे ही चारही कारणे एका दमात बाद होत होती. अननस किडका असावा हा दुसरा तर्कही टिकला नाही, कारण उरलेल्या फोडी आम्ही खाऊन पाहिल्या आणि त्या गोड होत्या. तिसरा तर्क 'खराब झाले' असा होता, व तो जरा विचार करण्यासारखा होता. पण दुधाचे पदार्थ उन्हाळ्यात बिघडतात तेव्हा ते आंबतात, त्यांना वास येतो. हे श्रीखंड आंबले नव्हते, कडू झाले होते.

तक्रारींची यादी नीट लावल्यावर एक गोष्ट उठून दिसली. ओट्यावर राहिलेल्या डब्यांची घरे संतापली होती, तर फ्रिजमधून गेलेल्या सहा डब्यांपैकी कोणी 'चव जरा वेगळी वाटली' एवढेच म्हणत होते आणि दोघांनी काहीच म्हटले नव्हते. चक्का चांगला, अननस चांगला, मिसळल्यावर चव चांगली, आणि तरी बारा-सोळा तासांनी कडू. तेही उबेत जास्त, गारव्यात कमी. म्हणजे डब्यात रात्रभर काहीतरी चालू होते.

संशयित

ताज्या अननसाच्या रसात ब्रोमेलेन नावाचे विकर असते. प्रथिने तोडणे हे त्याचे काम. अननस भरपूर खाल्ल्यावर जीभ चरचरते, त्यामागेही त्याचा हात असतो. फळातले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक जिभेला बारीक टोचतात आणि हे विकर तिच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांवर चालून जाते. कच्च्या पपईतले पपेन हे याच कुळातले, आणि मटण लवकर शिजावे म्हणून कच्च्या पपईचा गर लावून ठेवतात तो त्याच्याच भरवशावर.

दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते, आणि चक्का म्हणजे मुख्यतः याच केसीनचे पाणी धरून ठेवणारे जाळे. बहुतेक प्रथिनांच्या साखळ्या घट्ट घड्या घालून गुंडाळलेल्या असतात, त्यामुळे त्यांचे आतले दुवे सहज हाती लागत नाहीत. केसीनची साखळी मात्र बरीच सैल व उघडी असते. अशा साखळीत ब्रोमेलेन शिरले की तिचे तुकडे पडू लागतात. जाळे तुटते, धरून ठेवलेले पाणी सुटते आणि श्रीखंड पातळ होते. अखंड केसीन इतके मोठे असते की त्याला स्वतःची चव नसते, पण त्याच्या काही अमिनो आम्लांच्या (प्रथिनाच्या साखळीतल्या मण्यांच्या) लहान तुकड्यांपैकी ज्यांत पाण्याला टाळणारी अमिनो आम्ले अधिक असतात, ते जिभेवरच्या कडू चवीच्या ग्राहींना बरोबर चिकटतात. ही कडू चव त्यामुळे बाहेरून आलेली नव्हती. ती केसीनमध्येच दडलेली होती आणि अननसाने ती कापून मोकळी केली.

हे सगळे मी काकूंना त्याच संध्याकाळी सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "पण हे त्याच्यामुळेच झालं, त्याच्या आंबटपणामुळे नाही, हे कशावरून?" प्रश्न अगदी रास्त होता. अननसाचा रस चांगलाच आंबट असतो, आणि आंबटाने दूध नासते हे कोणत्याही स्वयंपाकघराला ठाऊक आहे. उत्तर चाचणीनेच द्यायला हवे होते.

पाच वाट्या

अकरावीची परीक्षा आटोपलेली माझी चार मुले एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात काकूंच्या घरी जमली. प्रयोगशाळेत काहीही चाखायचे नाही हा आमचा कडक नियम आहे, म्हणून चवीचा भाग स्वयंपाकघरातच करायचे ठरले. पाच वाट्यांत प्रत्येकी १०० ग्रॅम साधे श्रीखंड घेतले. पहिलीत ताज्या अननसाचा एक मोठा चमचा रस घातला. दुसरीत तोच रस पाच मिनिटे उकळून, थंड करून, आटलेले पाणी पुन्हा भरून घातला. तिसरीत डबाबंद अननसाचा रस, चौथीत तेवढाच आंबट होईल असा पातळ केलेला लिंबाचा रस, आणि पाचवीत अर्धा चमचा ताजा रस व अर्धा चमचा पाणी घातले. कोणत्या वाटीत काय आहे हे एकाच मुलीला माहीत होते. चाखणाऱ्या दोघांना फक्त क्रमांक दिसत होते, आणि दोन वाट्यांच्या मधे चार कुरमुरे खाऊन पाण्याने चूळ भरायची असे ठरले होते. स्वयंपाकघरात तापमापी ३३ अंश दाखवत होती.

एका तासाने कोणालाच काही फरक जाणवला नाही. तीन तासांनी पहिली वाटी किंचित कडवट आणि सैल झाली होती. सहा तासांनी ती स्पष्ट कडू लागली, आणि पाचवी वाटी पहिली तीन तासांनी होती तशी झाली. बारा तासांनी पहिली खाण्याच्या लायकीची उरली नव्हती, तर पाचवी पहिलीच्या सहा तासांच्या अवस्थेला पोचली होती. उकळलेला रस, डबाबंद रस आणि लिंबू या तिन्ही वाट्या शेवटपर्यंत चांगल्या राहिल्या.

दुसऱ्या वाटीने काकूंच्या प्रश्नाचे उत्तर दिले. उकळल्याने रसाचा आंबटपणा कमी होत नाही; निर्देशक कागदावर उकळण्याआधी आणि नंतर सामू (आंबटपणाचे माप, pH) साडेतीनच्या आसपासच आला होता. गोडी, आंबटपणा, रंग सारे तसेच राहून फक्त कडू करण्याची शक्ती गेली होती. डबाबंद फळही डबा भरताना तापवलेले असते, म्हणून इतकी वर्षे काकूंना हा अनुभव आला नव्हता.

मला स्वतःला पाचवी वाटी सर्वांत मोलाची वाटते. रस निम्मा केल्याने कडूपणा टळला नाही, फक्त दुप्पट वेळाने आला. मीठ निम्मे घातले तर खारटपणा निम्मा होतो आणि तेथेच थांबतो, कारण मीठ हा घटक आहे. विकर कापते, कापून झाल्यावर जसेच्या तसे मोकळे होते आणि पुढची साखळी धरते. ते स्वतः खर्ची पडत नसल्यामुळे थोडेसे विकरसुद्धा पुरेसा वेळ मिळाला की सगळे काम उरकते. शिवाय वाटीत केसीन इतके मुबलक होते की प्रत्येक विकर-रेणू सतत कामात गुंतलेला होता. अशा वेळी वेग क्रियाधाराच्या, म्हणजे विकर ज्यावर काम करते त्या पदार्थाच्या, प्रमाणावर अवलंबून न राहता केवळ विकराच्या संख्येवर ठरतो. मिखाएलिस आणि मेंटेन यांनी १९१३ मध्ये मांडलेल्या समीकरणाचे हे एक टोक आहे, आणि फळ्यावरचा तो आलेख मुलांना मी कितीदा तरी काढून दाखवला असला तरी त्याचा अर्थ त्यांना त्या दिवशी पाचव्या वाटीत कळला.

कापणे म्हणजे नेमके काय

प्रथिनातल्या दोन अमिनो आम्लांमधला दुवा पाण्याने तुटू शकतो. तुटलेली अवस्था ऊर्जेच्या हिशेबाने सोयीचीही असते. तरीही नुसत्या पाण्यात, नेहमीच्या तापमानाला, असा एखादा दुवा आपोआप तुटायला शेकडो वर्षे लागतील, कारण मधे ऊर्जेचा चढ आहे. पुणेकर विद्यार्थ्यांना मी कात्रजचे उदाहरण देतो. साताऱ्याकडे जायला जुना घाट चढावा लागतो, किंवा नव्या बोगद्यातून जाता येते. बोगद्यामुळे पुण्याची उंची बदलत नाही आणि साताऱ्याचीही नाही. वाटेतला चढ तेवढा कमी होतो आणि तेवढ्याच वेळात कितीतरी अधिक गाड्या पलीकडे पोचतात. विकरही क्रियेचा आरंभ आणि शेवट बदलत नाही, फक्त मधला चढ उतरवते.

ब्रोमेलेन हा बोगदा खणते ते त्याच्या रेणूतल्या एका खाचेत, जिला क्रियाशील जागा म्हणतात. त्या खाचेत सिस्टीन या अमिनो आम्लाचा गंधक-अणू असतो आणि त्याच्याजवळ हिस्टिडीन. केसीनची साखळी खाचेत बसली की हिस्टिडीनच्या मदतीने सज्ज झालेला गंधक दुव्यातल्या कार्बनवर चढाई करतो, दुवा तुटतो, साखळीचा एक भाग निसटतो आणि दुसरा क्षणभर गंधकालाच चिकटून राहतो. मग पाण्याचा रेणू येऊन त्यालाही सोडवतो, आणि खाच पूर्ववत रिकामी होते. पाणी जे काम शेकडो वर्षांत एकट्याने करते तेच येथे घडते. फक्त प्रत्येक अणू योग्य जागी, योग्य कोनात आणून धरलेला असतो.

खाचेचा आकार ठरावीक असल्यामुळे तिच्यात काय बसेल तेही ठरावीक असते. एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये कुलूप आणि किल्ली ही उपमा दिली ती याचसाठी, आणि कॉशलँड यांनी १९५८ मध्ये तिच्यात दुरुस्ती केली की किल्ली आत येताना कुलूपही थोडे हलून तिला बसते. आम्ही याचीही परीक्षा घेतली, पण ती महाविद्यालयात, कारण जिलेटीन प्राणिजन्य असल्याने काकूंनी ते स्वयंपाकघरात येऊ दिले नसते आणि आम्हीही तसे सुचवले नाही. परीक्षानळ्यांत जिलेटीनचे द्रावण आणि चायना ग्रासचे द्रावण घेऊन दोन्हींत ताजा रस घातला. पहिल्या दिवशी प्रयोग पुरता फसला, कारण ज्या नळीत रस घातलाच नव्हता तेथेही जिलेटीन पातळच राहिले. थोड्या वेळाने उमगले की खोलीत ३४ अंश तापमान होते आणि त्या उष्म्यात जिलेटीन मुळातच गोठत नाही. तुलनेसाठी ठेवलेली ती साधी नळी नसती तर आम्ही सगळे श्रेय अननसाला देऊन मोकळे झालो असतो. दुसऱ्या दिवशी नळ्या अर्धा तास बाहेर ठेवून मग फ्रिजमध्ये ठेवल्या. साधे जिलेटीन गोठले, अननस घातलेले पातळ राहिले, आणि चायना ग्रास मात्र अननस असूनही घट्ट झाले. जिलेटीन प्रथिन आहे, तर चायना ग्रास शर्करांची साखळी, आणि ती ब्रोमेलेनच्या खाचेत बसत नाही.

त्याच नळ्यांत उष्णतेचाही माग काढला. रस वेगवेगळ्या तापमानांना दहा दहा मिनिटे ठेवून, थंड करून जिलेटीनमध्ये घातला. ५० अंशांपर्यंत तापवलेल्या रसाने जिलेटीन पूर्ण पातळ ठेवले, ६० अंशांच्या नळीत ते अर्धवट धरले, ७० च्या नळीत मऊसर गोठले आणि ८० च्या नळीत साध्याइतकेच घट्ट झाले. विकर हे स्वतः प्रथिन असते, हे सम्नर यांनी १९२६ मध्ये युरिएज या विकराचे स्फटिक मिळवून दाखवले, आणि त्या कामासाठी त्यांना १९४६ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. प्रथिनाची घडी उष्णतेने उलगडली की गंधक आणि हिस्टिडीन एकमेकांपासून दुरावतात, खाच नाहीशी होते. उकडलेले अंडे थंड करून पुन्हा कच्चे होत नाही, तसा हा रसही थंड केल्यावर पुन्हा कामाला लागला नाही.

गारव्याचे तसे नाही. थंडीत घडी शाबूत राहते, फक्त रेणूंची धावपळ मंदावते. तापमान दहा अंशांनी उतरले की अशा क्रियांचा वेग ढोबळमानाने निम्मा होतो. काकूंचे स्वयंपाकघर त्या रात्री २८-२९ अंशांवर असेल आणि फ्रिज ५-६ अंशांवर, म्हणजे आतला वेग बाहेरच्या सुमारे एक पंचमांश. फ्रिजमधले बारा तास हे ओट्यावरच्या अडीच तासांएवढे झाले, आणि 'चव जरा वेगळी वाटली' हे वाक्य आमच्या पहिल्या वाटीच्या तीन तासांच्या नोंदीशी जुळते.

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'खराब झाले' म्हणताना काकूंच्या मनात जंतू होते, आणि एकोणिसाव्या शतकातला मोठा वादही नेमका हाच होता, की आंबणे ही क्रिया जिवंत पेशीशिवाय होते की नाही. एदुआर्द बुखनर यांनी १८९७ मध्ये यीस्ट वाळूबरोबर घोटून, दाबून त्याचा पेशीविरहित रस काढला, त्यात साखर घातली, आणि बुडबुडे येऊ लागले. जिवंत असे काही नसतानाही पेशीचे काम चालू राहिले होते. काकूंच्या डब्यातला अननसही केव्हाच चिरला गेला होता.

उपाय, आणि त्यातली एक चूक

उपाय सरळ दिसत होता : फळ तापवायचे. काकूंनी साखरेचा कढत पाक करून तो कच्च्या फोडींवर ओतला, झाकण ठेवले आणि गार झाल्यावर फोडी चक्क्यात मिसळल्या. दुसऱ्या दिवशी कडूपणा पुन्हा होता, कमी असला तरी निश्चित होता. मी तापमापीची सळई एका फोडीच्या मध्यात खुपसून पाहिली, तर पाक ओतल्यावर तेथे जेमतेम ५२ अंश तापमान झाले होते. फोडी मोठ्या होत्या, सुमारे दोन सेंटिमीटरच्या. बाहेरचा थर शिजला आणि गाभ्यातले विकर तसेच राहिले. नळ्यांनी आधीच सांगितले होते की ५० अंशांनी काही होत नाही, पण पाक कढत असला म्हणजे फोडही कढत होते असे आम्ही सगळ्यांनीच गृहीत धरले होते, आणि त्यात मीही होतो.

मग फोडी एक सेंटिमीटरच्या केल्या, साखरेसह कढईत मंद आचेवर ठेवल्या, मध्यभागी ८५ अंश आल्यावर पुढे दहा मिनिटे तसेच शिजू दिले आणि पूर्ण गार केल्यावरच चक्क्यात मिसळले. फोडी थोड्या मऊ पडल्या आणि ताज्या फळाचा करकरीतपणा गेला, हे खरे. कच्च्या फोडी वेगळ्या देऊन गिऱ्हाइकाने वाढताना मिसळाव्यात, असाही पर्याय मी सुचवला होता. तो विज्ञानाच्या दृष्टीने निर्दोष होता, पण काकूंनी नाकारला. "डबा उघडला की श्रीखंडच दिसलं पाहिजे, सर," असे त्यांचे म्हणणे होते, आणि व्यवसाय त्यांचा असल्याने तो निर्णयही त्यांचाच.

३० एप्रिलला अक्षय्य तृतीया होती. आदल्या दिवशी संध्याकाळी सहाला केलेल्या श्रीखंडाचा एक डबा काकूंनी मुद्दाम ओट्यावर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला, अठरा तासांनी, आम्हा सगळ्यांसमोर उघडला. चमच्याची रेघ टिकली, कडेला पाणी नव्हते, चव स्वच्छ होती. तोच डबा मुलांनी आणखी दीड दिवस उन्हाळ्याच्या उष्म्यात ठेवून पाहिला, तेव्हा तो आंबला आणि त्याला वास येऊ लागला, पण कडू काही झाला नाही. तो आंबटपणा विरजणातल्या जिवाणूंनी त्यांच्या स्वतःच्या विकरांनी आणला होता.